एपीआय गेटवेवर नजर ठेवताना : एका विनंतीचा पूर्ण माग

नमस्कार मंडळी. आज मी ॲमेझॉनच्या एपीआय गेटवेबद्दल, म्हणजे ॲपकडून आलेल्या विनंत्या मागच्या सेवांकडे पोचवणाऱ्या दाराबद्दल, बोलणार आहे. तुमच्याकडे ॲझ्युअर किंवा गूगलचा गेटवे असेल तर मोजमापांची नावं बदलतील, अडचणी बहुतेक याच निघतील.

समजा, एका विद्यापीठाचा परीक्षा अर्ज भरायचा शेवटचा दिवस आहे. एक विद्यार्थिनी फी भरते, पानावर चक्र फिरत राहतं आणि शेवटी ५०४ येतो, म्हणजे वेळेत उत्तर मिळालं नाही अशी त्रुटी. ती घाबरून पुन्हा बटण दाबते. मागे काय घडलं? रेस्ट एपीआय या प्रकारात गेटवे मागच्या सेवेच्या उत्तराची मुळात २९ सेकंद वाट पाहतो. मागचं काम करणाऱ्या लॅम्डा फंक्शनला (ॲमेझॉनवर चालणारा आपला कोडचा तुकडा) मात्र १५ मिनिटांपर्यंत मुदत देता येते. गेटवेनं वाट पाहणं सोडलं तरी फंक्शन थांबत नाही. पस्तिसाव्या सेकंदाला ते आपलं काम व्यवस्थित संपवतं, पैसे कापले जातात, नोंद होते. लॅम्डाच्या डॅशबोर्डवर त्रुटी शून्य आणि गेटवेच्या डॅशबोर्डवर ५०४. दोन टीम रात्री उशिरापर्यंत वाद घालतात आणि दोघांचेही आकडे खरे असतात! तोवर त्या मुलीचे पैसे दोनदा गेलेले असतात.

२०२४ पासून काही प्रकारच्या रेस्ट एपीआयसाठी ही २९ सेकंदांची मर्यादा वाढवून घेता येते. मला तो उपाय पुरेसा वाटत नाही. लांबणारं काम रांगेत टाका, लगेच पोचपावती द्या आणि प्रत्येक व्यवहाराला स्वतःची अशी एक खूण द्या, म्हणजे तीच विनंती पुन्हा आली तर ओळखता येईल. पण हे करायला हवं हे आधी कळायला तर पाहिजे. ते कळतं दोन्ही बाजूंच्या नोंदी एका धाग्यात ओवल्यावर. ऑब्झर्व्हेबिलिटी प्लॅटफॉर्मचं, म्हणजे सगळ्या सेवांच्या नोंदी आणि आकडे एकत्र दाखवणाऱ्या प्रणालीचं, खरं काम हेच आहे, असं माझं ठाम मत आहे. सुंदर आलेख ॲमेझॉनची क्लाउडवॉच ही देखरेख सेवाही काढून देते.

हा धागा आपोआप मिळत नाही. गेटवेचे ॲक्सेस लॉग, म्हणजे प्रत्येक विनंतीच्या नोंदी, जेसन या ठरावीक रचनेत घ्या. त्यात रिक्वेस्ट आयडी (त्या विनंतीचा क्रमांक), ट्रेस आयडी (तिच्या पूर्ण प्रवासाचा क्रमांक), मागच्या सेवेला लागलेला वेळ, ऑथोरायझरला (परवानगी तपासणाऱ्या भागाला) लागलेला वेळ आणि इंटिग्रेशनचा (मागच्या सेवेशी असलेल्या जोडणीचा) त्रुटीसंदेश एवढं तरी असू द्या. रेस्ट एपीआयवर एक्स-रे, म्हणजे विनंतीचा माग काढणारी ॲमेझॉनची सेवा, सेटिंगमध्ये एक खूण केली की चालू होतो. एचटीटीपी एपीआय या गेटवेच्या दुसऱ्या प्रकारावर ती सोय नाही. तिथे ॲपपासून निघालेला ‘ट्रेसपेरेंट’ हेडर (विनंतीसोबत जाणारा, ट्रेस आयडी असलेला मजकूर) पुढे लॅम्डापर्यंत आणि तिथून डेटाबेसपर्यंत नेण्याची जबाबदारी आपली. ओपनटेलिमेट्री हे मोजणीचं खुलं मानक त्यासाठीच वापरायचं. शिवाय उद्या प्लॅटफॉर्म बदलला तरी कोडमधली मोजणी तशीच राहते.

आता आकड्यांकडे येऊ. गेटवे ‘लेटन्सी’ आणि ‘इंटिग्रेशन लेटन्सी’ असे दोन वेळ देतो. पहिला विनंती आत आल्यापासून उत्तर बाहेर जाईपर्यंतचा, दुसरा फक्त मागच्या सेवेचा. बहुतेक जण दोन्ही आलेख शेजारी शेजारी लावतात आणि पुढे जातात. मी म्हणतो, दोन्हींची वजाबाकी काढा आणि तिचाच तिसरा आलेख लावा. ती एरवी काही मिलिसेकंदांची असते. अचानक फुगली तर आधी ऑथोरायझरकडे बघा. त्याचं उत्तर मुळात ३०० सेकंद कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) राहतं, म्हणून बहुतेक विनंत्या झटकन जातात आणि ज्यांची कॅश संपलेली असते तेवढेच लोक ताटकळतात. सरासरीत हे लोक दिसतच नाहीत. पी९९ (ज्या वेळेच्या आत ९९ टक्के विनंत्या पूर्ण होतात तो आकडा) लावा, ते दिसतील.

४एक्सएक्सच्या, म्हणजे ४ने सुरू होणाऱ्या, विनंतीतल्या त्रुटींच्या आकड्यात मात्र फार गुंतू नका, तो फोडून बघा. ४२९ म्हणजे मर्यादा ओलांडली, तो आपला प्रश्न असू शकतो. ‘मिसिंग ऑथेंटिकेशन टोकन’ असा ४०३ (प्रवेश नाकारला) दिसला की नवे लोक टोकन शोधत बसतात. पुष्कळदा पत्ताच चुकलेला असतो, त्या वाटेवर आपला एपीआय नसतोच.

सगळ्यात धोकादायक असतो शांत आलेख. डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता देणारी यंत्रणा) चुकला किंवा प्रमाणपत्राची मुदत संपली तर विनंती गेटवेपर्यंत पोचतच नाही. ५एक्सएक्स (आपल्या बाजूच्या त्रुटी) शून्य, लेटन्सी उत्तम आणि बाहेर लोक खोळंबलेले. म्हणून ‘काउंट’, म्हणजे विनंत्यांची संख्या दाखवणारा आकडा, नेहमीपेक्षा खाली गेला तरी अलार्म वाजला पाहिजे. डेटाच आला नाही तर काय समजायचं, हे अलार्ममध्ये स्पष्ट लिहा. आणि बाहेरून दर मिनिटाला एक खरी विनंती करणारी चाचणी ठेवा. प्लॅटफॉर्म क्लाउडवॉचकडून आकडे ठरावीक वेळानं मागून घेत असेल तर ते काही मिनिटं शिळे असतात, हेही लक्षात ठेवा. २०२१ मध्ये आलेल्या, आकडे सतत पुढे पाठवणाऱ्या मेट्रिक स्ट्रीम्सनी तो उशीर बराच कमी होतो.

शेवटचा मुद्दा, आणि हा मला फार महत्त्वाचा वाटतो. गेटवेच्या एक्झिक्युशन लॉगमध्ये (विनंतीवर आत काय काय झालं त्याच्या नोंदीत) पूर्ण विनंती आणि पूर्ण उत्तर नोंदवण्याचा एक पर्याय आहे. बिघाड शोधताना तो चालू केला जातो आणि बंद करायचा राहून जातो. मग त्या विद्यार्थिनीचा मोबाईल नंबर, जन्मतारीख, कदाचित आधार क्रमांकसुद्धा आपल्या लॉगमध्ये आणि तिथून प्लॅटफॉर्मच्या सर्व्हरवर जाऊन बसतो. क्लाउडवॉचमधला लॉग ग्रुप, मुदत घातली नाही तर, कधीच पुसला जात नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम आहेच. पण कायदा नसता तरी तिची माहिती अशी उघडी ठेवण्याचा आपल्याला अधिकार नव्हता. कलेक्टरमध्येच (नोंदी गोळा करून प्लॅटफॉर्मकडे पाठवणाऱ्या भागात) नको ती फील्ड गाळा, लॉग ग्रुपला मुदत घाला, आणि प्रॉडक्शनच्या (लोकांच्या खऱ्या वापरातल्या) स्टेजवर पूर्ण विनंती नोंदवण्याचा तो पर्याय आत्ता चालू आहे का, हे उद्या सकाळी पहिल्यांदा तपासा. आता तुमचे प्रश्न घेऊ.