तुळशी घाटावरची रात्र

(संध्याकाळ. नावेतून दिसणारा घाट.)

गंगा इथं उत्तरेकडे वाहते आणि काशीचे घाट तिच्या पश्चिम काठावर. त्यामुळे सूर्य उगवतो तो समोरच्या वाळूवर. मांडवात बसलेली ही मंडळी आज तोपर्यंत हलणार नाहीत.

हा अस्सीजवळचा तुळशी घाट. गोस्वामी तुलसीदास इथंच राहिले. महाशिवरात्र जवळ आली की घाटावर मांडव पडतो, गाद्या अंथरल्या जातात आणि ध्रुपद मेळा भरतो. ध्रुपद म्हणजे शास्त्रीय संगीताची जुनी, संथ गायकी. १९७५ पासून. तिकीट नाही; जागा मिळेल तिथं बसायचं.

(जवळून: कणीक मळणारे हात.)

ही कणीक पोळ्यांची नव्हे. पखवाजाच्या डाव्या पुडीला लावायची आहे. वारकरी भजनात मृदंगाशेजारी बसलेल्यांना हे सांगायला नको. पाण्याचा हात लावत वादक ती मधोमध थापतो, कडा अंगठ्यानं दाबून घेतो. एक थाप. ऐकतो. आवाज अजून चढा आहे. आणखी चिमूटभर. आता आला खर्ज. मग उजवी बाजू: चामड्याच्या वादीखालचे लाकडी गठ्ठे हातोडीनं हळूहळू ठोकत सूर तानपुऱ्याला मिळवायचा. नदीवरची ओल चामड्याला लागते, त्यामुळे रात्रीतून हातोडी पुन्हा पुन्हा हातात घ्यावी लागते.

(मध्यरात्र. रुद्रवीणा.)

दोन भोपळ्यांची ही रुद्रवीणा आपल्याला परकी नाही. पनवेलजवळच्या पळस्प्याला उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर हेच वाद्य शिकवत.

आता राग मालकंस. आलापीत शब्द नाहीत, पखवाजही मांडीवर गप्प आहे. खालच्या षड्जापाशीच वीणावादक कितीतरी वेळ रेंगाळतो. गंधाराला हात लावायची घाई नाही. ही उसंत रात्रच देऊ शकते. चौतालाच्या बारा मात्रा सुरू होतात तेव्हा मागच्या रांगेतल्या शाली सरळ होतात.

पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवही एके काळी पहाटेपर्यंत चालायचा. २००० सालच्या ध्वनिनियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद केले. काही दिवसांपुरती बारापर्यंत सवलत. शेजारच्या आजारी माणसाला झोप हवी, हे खरंच. पण रात्री दोन वाजताचा दरबारी राग ज्यांनी कधी ऐकलाच नाही, अशी एक अख्खी पिढी आपल्याकडे वाढली आहे.

(पहाट. धुकं, नावा.)

या मेळ्याचे आधारस्तंभ होते संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र; २०१३ साली ते गेले. विद्यापीठात अभियांत्रिकी शिकवणाऱ्या महंतांनी १९८२ साली गंगेच्या स्वच्छतेसाठी संस्था काढली. पाणी अजून स्वच्छ झालेलं नाही.

राग भैरव. कोमल रिषभावर आंदोलन, सुराचा संथ झोका. वाळूवर तांबूस रेघ उमटते. गायक डोळे उघडत नाही.

(वादक पायरीवर.)

पुडीवरची कणीक सुकली आहे. तो ती नखानं खरवडतो, गोळी करतो आणि माशांना टाकतो. उद्या नवी मळायची.