फ्लॅनेलमधून उतरणारी कॉफी

टोकियोच्या गिंझा भागात 'काफे द लांब्र' १९४८ पासून उभं आहे. पाटीवर लिहिलंय, 'फक्त कॉफीचं दुकान'. ते सुरू करणारे इचिरो सेकिगुची २०१८ मध्ये वयाच्या १०३ व्या वर्षी गेले. दुकान चालूच आहे. अशा जुन्या वळणाच्या कॉफीघराला जपानमध्ये किस्सातेन म्हणतात. १९८१ च्या सुमारास ही दीड लाखावर होती. आज निम्मीही उरलेली नाहीत.

आत शिरण्याआधी दारावरची पाटी वाचा. सिगारेट चालते की नाही, ते तिथेच कळतं. काही जुनी दुकानं अजून धूर चालवून घेतात. आत गेल्यावर जागा दाखवेपर्यंत थांबायचं. पाणी आणि हात पुसायला ओला रुमाल न मागता येतो. माणशी एक पेय मागवायचंच, एका कपात दोघं हे इथे बसत नाही. पहिल्यांदा आलात तर 'बुरेंदो', म्हणजे दुकानाचं मिश्रण (ब्लेंड) सांगा. दुकानदाराचा हात त्या मिश्रणातच कळतो. 'आमेरिकान' त्याहून पातळ. आणि जमलं तर काउंटरलाच बसा, कारण खरं काम तिथे चालतं.

तिथे कॉफी गाळतात ती ही तारेच्या कडीला शिवलेली फ्लॅनेलची, म्हणजे मऊ लवदार कापडाची, पिशवी. कापडाच्या एका बाजूला लव, दुसरी गुळगुळीत. लव आत ठेवायची की बाहेर, यावर जाणकारांत आजही वाद आहे. एका छोट्या कपाला २५ ते ३० ग्रॅम कॉफी लागते, गडद भाजलेली, जाडसर दळलेली. उतरते जेमतेम १०० मिलिलिटर. पाणी ८० ते ८५ अंशांचं. उकळतं ओतलं तर गडद भाजणीचा कडूपणा पुढे येतो.

आता किटलीचं तोंड बघा. पाणी आधी थेंब-थेंब, तेही मधोमध. पूड फुगते, कारण भाजताना बियांत अडकलेला वायू सुटतो. फुगलीच नाही, तर भाजून बरेच दिवस झाले असणार. मग सुतासारखी बारीक धार, मधल्या भागातच फिरवत. धार कडेला गेली की पाणी पुडीला वळसा घालून कापडातून निसटतं आणि कॉफी पाणचट होते. हवी तेवढी उतरली की पिशवी लगेच उचलायची. शेवटचं निथळ तुरट असतं.

कागदाची गाळणी कॉफीतलं तेल धरून ठेवते. फ्लॅनेल त्यातलं बरंच सोडतो, गाळ मात्र अडवतो. जिभेवर जाणवणारा दाटपणा येतो तो त्यामुळे. पण कापडाची निगा सोपी नाही. नवी पिशवी कॉफीच्या चोथ्याबरोबर उकळून खळ काढतात. वापरल्यावर नुसत्या पाण्याने धुतात. साबण लावला तर वास कापडात राहतो. मग पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये, आणि ते पाणी रोज बदलायचं. पिशवी वाळली की कापडातलं तेल खवट होतं आणि पुढच्या प्रत्येक कपात उतरतं. थेंब पडायला वेळ लागू लागला, की पिशवी बदलायची वेळ झाली.

नागोयाला गेलात तर सकाळी अकराच्या आत पोचा. कॉफीच्याच पैशांत जाड टोस्ट आणि उकडलेलं अंडं मिळतं.

उठताना टेबलावरची बिलाची चिठ्ठी घेऊन दाराजवळच्या गल्ल्यावर जायचं. बऱ्याच ठिकाणी कार्ड चालत नाही, म्हणून रोख येन जवळ असू द्या. टीप ठेवायची नाही.