लेक फोर्कची मोठी बास: पाणी किती गार, त्यावर ठरतं आमिष

नमस्कार मंडळी.

डॅलस, प्लेनो, फ्रिस्को, अर्व्हिंग या भागात राहणाऱ्या बऱ्याच मराठी मित्रांकडे आता रॉड आहे, टेक्सासचं लायसन्स आहे, शनिवारी तळ्यावर चक्करही होते. दोन-तीन पौंडांच्या बास, म्हणजे इथले गोड्या पाण्यातले मोठ्या तोंडाचे शिकारी मासे, मिळतात. मग प्रत्येकाचा प्रश्न तोच: आठ-दहा पौंडांची कधी लागणार? आज त्याचंच उत्तर देतोय, आणि सगळं एकाच तलावावरून सांगतोय. लेक फोर्क. डॅलसच्या पूर्वेला, गाडीने साधारण दीड तास.

हा तलाव का? 1980 मध्ये इथे पाणी अडवायला सुरुवात झाली. विस्तार सुमारे 27,000 एकर. भरताना बरीचशी झाडं तोडली नाहीत, ती तशीच पाण्याखाली गेली. टेक्सासच्या वन्यजीव खात्याने फ्लोरिडा जातीच्या बासची पिल्लं इथे सोडली, कारण ही जात जास्त मोठी होते. राज्याचा आजचा विक्रम, 18.18 पौंड, म्हणजे जवळजवळ सव्वाआठ किलो, इथलाच आहे. जानेवारी 1992 मध्ये बॅरी सेंट क्लेअर यांना तो मासा लागला. ते त्या दिवशी क्रॅपी नावाचे छोटे मासे पकडायला आले होते आणि गरीला आमिष म्हणून जिवंत छोटा मासा लावला होता!

आता मूळ मुद्दा. दहा पौंडांची बास म्हणजे मादीच. नर तेवढा वाढतच नाही. ही मादी वयाने मोठी असते आणि शक्ती जपून वापरते. छोट्या माशामागे शंभर फूट धावणं तिला परवडत नाही. थोड्या हालचालीत मोठा घास मिळतो, तिथे ती थांबते. आणि ती जागा कोणती, हे पाण्याच्या तापमानावर ठरतं. म्हणून बोटीवरच्या सोनारमध्ये, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्रात, मी सगळ्यात आधी तापमानाचा आकडा बघतो. किनाऱ्यावरून मासेमारी करत असाल तर दोरीला बांधलेला साधा थर्मामीटरही चालतो.

[हातात लाल लिपलेस क्रँकबेट]

सुरुवात हिवाळ्याच्या शेवटापासून करतो, कारण मोठ्या बासचा खरा मोसम हाच. वर्षातून मोजक्याच सुट्ट्या मिळत असतील तर त्या फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा आणि मार्चचा पहिला आठवडा यासाठी राखून ठेवा. पाणी 50 फॅरनहाइट, म्हणजे 10 सेल्सिअसच्या आसपास येतं आणि वर सरकू लागतं. मादीच्या पोटात अंडी भरत असतात, त्यामुळे तिचं वजन वर्षातलं सगळ्यात जास्त असतं, आणि अंड्यांसाठी तिला खावंही लागतं. खोल पाण्यातून उथळ खाडीकडे ती एका दमात जात नाही. ओढ्याच्या जुन्या पात्राच्या कडेकडेने येते आणि वाटेतल्या टोकांवर मुक्काम करते. नकाशावर खाडीच्या आत जमिनीची जी छोटी टोकं पाण्यात घुसलेली दिसतात, ती शोधा. त्यातही जिथे टोक आणि पात्राची खोल कड अगदी जवळ येतात, ती जागा पहिली.

इथे हे आमिष, लिपलेस क्रँकबेट. माशाच्या आकाराचं, पुढे ओठ नसलेलं, आत गोळ्या खुळखुळणारं, अर्ध्या औंसाचं. रंग लाल, कारण याच दिवसांत क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले झिंग्यांसारखे जीव, बाहेर पडू लागतात. पूर्व टेक्सासमध्ये फेब्रुवारीत लाल रंग घरोघरच्या टॅकल बॉक्समध्ये दिसतो.

वापरायचं कसं? नुसतं फेकून गुंडाळत राहिलात तर लहान मासे मिळतील. पाण्याखालच्या गवताच्या शेंड्याला आमिष घासलं पाहिजे. हे गवत म्हणजे हायड्रिला, आपल्याकडच्या तळ्यांतही असतं, ओळखीचं आहे. इथे ते बाहेरून आलेलं. आमिष त्यात अडकलं की गुंडाळणं थांबवा आणि रॉडने एक झटका देऊन ते सोडवा. सुटून खाली पडताना, त्या एका क्षणात, मोठी मादी ते घेते. हाताला धक्का बसेलच असं नाही. कधी दोरी एकदम सैल पडते, कधी रॉडला नुसतं ओलं फडकं लटकल्यासारखं जड वाटतं. दोन्ही वेळी लगेच रॉड ओढा. दोरी 15 ते 17 पौंडांचा ताण सोसणारी फ्लुरोकार्बन, आणि रॉड थोडा लवचिक. फार ताठ रॉडने मासा उसळला की छोट्या तिहेरी गऱ्या निसटतात.

गवत नसेल किंवा पाणी 50 च्या खाली असेल, तर सस्पेंडिंग जर्कबेट, म्हणजे लांबट माशासारखं कडक आमिष. हे थांबवलं की तरंगतही नाही, बुडतही नाही, आहे तिथेच राहतं. दोन छोटे झटके, मग थांबा. दहा सेकंद. पाणी फारच गार असेल तर त्याहून जास्त. गार पाण्यात माशाचं सगळं चलनवलन मंदावतं, आणि बहुतेक लोक नेमके या थांबण्यातच कमी पडतात.

तिसरा पर्याय जिग, म्हणजे शिशाचं डोकं आणि झालर असलेली गरी. काळा-निळा किंवा तपकिरी, मागे रबराचा क्रॉफिश, उभ्या झाडांच्या बुंध्याशी हळूच सोडलेला. जिगला मासे कमी लागतात. पण मला एकच आमिष घेऊन जा म्हटलं, तर मी जिग नेईन.

दिवसाची वेळही सांगतो. या मोसमात पहाटे चार वाजता उठायची गरज नाही. दुपारी उन्हाने पाणी दोन-तीन अंशांनी वर जातं, ती वेळ चांगली. उत्तरेच्या गार वाऱ्यापासून आडोसा असलेल्या खाड्या आधी तापतात. सलग तीन-चार दिवस दक्षिणेचा वारा आणि ऊबदार हवा मिळाली, तर रजा टाकाच. आणि लाइफ जॅकेट घाला. या तलावात झाडांचे बुंधे पाण्याच्या अगदी खाली उभे आहेत. खुणा केलेल्या बोटीच्या वाटेबाहेर वेग घेऊ नका. फेब्रुवारीच्या पाण्यात पडलेला माणूस फार वेळ हातपाय हलवू शकत नाही.

पाणी 60 च्या वर गेलं, साधारण 16 सेल्सिअस, की घरटी सुरू होतात. नर उथळ तळावर शेपटीने गोल जागा साफ करतो. मादी येते, अंडी घालते, निघून जाते. राखण नर करतो. स्वच्छ पाण्यात हे सगळं डोळ्यांनी दिसतं, आणि घरट्यावर आमिष टाकून मादीला डिवचून पकडणारे लोक आहेत. टेक्सासमध्ये ते कायद्याने चालतं. मी करत नाही. राखणारा मासा दोन मिनिटं बाजूला झाला तरी सनफिश नावाचे छोटे मासे अंड्यांवर तुटून पडतात. त्याऐवजी घरट्यांच्या बाहेरच्या बाजूला, पाच ते आठ फूट पाण्यात, आत यायची वाट बघत थांबलेल्या माद्या असतात. त्यांच्यासाठी पाच इंची मऊ स्टिक बेट, म्हणजे काडीसारखी रबरी अळी, घ्या, गरी तिच्या बरोबर मधोमध लावा, शिसं लावू नका. पाण्यात ती दोन्ही टोकं थरथरवत खाली जाते. तुम्ही काहीही करायचं नाही, दोरीवर नजर ठेवायची. दोरी बाजूला सरकली की मासा लागला.

[बेडूक कॅमेऱ्याजवळ]

मे महिना. अंडी घालून दमलेली मादी काही दिवस काहीच घेत नाही, मग एकदम भुकेली होते. सूर्योदयाच्या वेळी पुलांच्या दगडी उतारावर शाड नावाचे मासे अंडी घालायला येतात. तिथे पहिला तासभर पृष्ठभागावरचं आमिष किंवा पांढरा स्पिनरबेट, म्हणजे फिरत्या चकाकत्या पात्यांचं आमिष. ऊन चढलं की पाणवनस्पतींच्या गालिच्यावर पोकळ रबरी बेडूक.

गावाकडे मरळ पकडली असेल, तर हे तुम्हाला शिकवायला नको. तेच दबा धरून बसणं, तोच एकदम फुटणारा पाण्याचा आवाज, आणि उतावीळ माणसाची तीच फसगत. आवाज आला की लगेच ओढू नका. बेडूक दिसेनासा होऊ द्या, दोरीवर वजन येऊ द्या, मग पूर्ण ताकदीने ओढा. इथे 50 ते 65 पौंडांची वेणीची दोरीच हवी. गवतात घुसलेली आठ पौंडांची बास गवताच्या गठ्ठ्यासकट बाहेर काढावी लागते.

मरळचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ही बास आपल्याकडे नेऊन सोडायची कल्पना मनातही आणू नका. जपानमध्ये ती नेली गेली. तिथल्या बिवा सरोवरात 2 जुलै 2009 रोजी मानाबू कुरिता यांनी 22 पौंड 4.97 औंसांची बास पकडली. जॉर्ज पेरी यांचा 2 जून 1932 चा, जॉर्जियातला, 22 पौंड 4 औंसांचा विक्रम त्यांनी गाठला. फरक दोन औंसांहून कमी, म्हणून नियमाप्रमाणे बरोबरी. पण त्याच जपानमध्ये आज हा मासा कायद्याने उपद्रवी परदेशी प्रजातींच्या यादीत आहे, कारण तिथले मूळचे मासे तो खातो. उजनीत किंवा भाटघरला त्याचं काही काम नाही.

उन्हाळा. पाणी 85 फॅरनहाइटच्या पुढे. जुलै-ऑगस्टमध्ये खोल पाण्याचे थर पडतात. वर गरम, खाली गार, आणि खालच्या थरात प्राणवायू जवळपास नसतो. सोनारवर हा थर फिकट पट्ट्यासारखा दिसतो. त्याच्या खाली आमिष टाकण्यात अर्थ नाही. पट्ट्याच्या वर जिथे तळाचा उंचवटा येतो, बुडालेला जुना रस्ता येतो, पात्राची कड येते, तिथे मासे थव्याने असतात. मी इथे दहा इंची रबरी अळी टेक्सास रिगवर लावतो: पुढे गोळीच्या आकाराचं शिसं, गरीचं टोक अळीच्या अंगात लपवलेलं, म्हणजे झाडात अडकत नाही. रबरी अळी आधी ओहायोतल्या ॲक्रनमध्ये 1949 मध्ये निक क्रीम यांनी बनवली आणि नंतर त्यांचा कारखाना टेक्सासच्या टायलर गावी आला. टायलर या तलावापासून फार लांब नाही. दिवसा बोटींची गर्दी असते, म्हणून शक्य असेल तर रात्री जा, काळी किंवा गडद जांभळी अळी घेऊन.

शरद ऋतूबद्दल फार सांगण्यासारखं नाही. शाडचे थवे खाड्यांत शिरतात, बास त्यांच्या मागे. उथळ पाण्यात चालणारं चौकोनी ओठाचं स्क्वेअरबिल क्रँकबेट, पाण्याच्या पृष्ठभागावर आवाज करत फिरणारं बझबेट, भरपूर मासे. पण मासे इतके पांगलेले असतात की मोठी मादी शोधणं अवघड. मुलांना घेऊन जायला मात्र हा सगळ्यात छान काळ. नोव्हेंबरात पाणी पुन्हा गार झालं की मोठ्या स्विमबेटने, म्हणजे पोहणाऱ्या माशासारख्या आमिषाने, प्रयत्न करा. 1986 च्या नोव्हेंबरात याच तलावात मार्क स्टीव्हनसन यांना 17.67 पौंडांची बास मिळाली होती.

ती बास राज्याच्या शेअरलंकर उपक्रमातली पहिली. हा उपक्रम आपल्या कामाचा आहे. आठ पौंड किंवा 24 इंचांपासून पुढे नोंद करता येते. 1 जानेवारी ते 31 मार्चमध्ये 13 पौंडांच्या वरची मादी मिळाली, तर ती जिवंत ठेवून खात्याला कळवा. त्यांची माणसं येऊन तिला अथेन्स गावातल्या केंद्रात नेतात, तिथे तिची पिल्लं वाढवून तलावांत सोडतात.

मोठा मासा हाती आला की हे करा. हात आधी ओले करा. एका हाताने खालचा जबडा, दुसरा हात पोटाखाली, मासा आडवा. फोटोसाठी नुसत्या जबड्यावर उभा लटकवू नका, दहा पौंडांचं वजन त्या हाडांना झेपत नाही. वजनकाटा, पट्टी, फोन मासा पाण्याबाहेर काढण्याआधीच तयार ठेवा. लांबी आणि पोटाचा घेर मोजला, तर भिंतीवर लावायला हुबेहूब प्रतिकृती बनवून मिळते, त्यासाठी मासा मारावा लागत नाही. लेक फोर्कवर 16 ते 24 इंचांची बास सोडावीच लागते, 24 च्या वरची दिवसाला एकच ठेवता येते. मी तीही सोडतो. पाण्यात धरून ठेवायची, कल्ले नीट हलू लागले आणि ती स्वतः जोर लावायला लागली की हात उघडायचा.

खाली कॉमेंटमध्ये तुम्ही कुठल्या तलावावर जाता आणि तिथे आज पाण्याचं तापमान किती आहे, एवढं लिहा. त्याप्रमाणे कोणतं आमिष लावायचं ते मी उत्तरात सांगतो.