परमिट रूम

(दृश्य: ठाणे स्टेशन पश्चिम, दिवेलागणीची वेळ. रिक्षांची रांग, वर लुकलुकती पाटी.)

‘रेस्टॉरंट, बार अँड परमिट रूम.’ ही पाटी ठाणेकर शाळेत असल्यापासून वाचतो. परमिट कसलं, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

दारू पिण्याचं. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे आणि त्यानुसार प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा हवा तर विदेशी दारूसाठी पाच रुपये, देशीसाठी दोन. कारण काय, तर म्हणे प्रकृती सांभाळण्यासाठी!

पण या जिल्ह्यातली बंदी त्याहून जुनी आहे.

(दृश्य: शहापूरचं रान, पहाट. झाडाखाली मोहाच्या फुलांचा सडा.)

वारली, ठाकूर, कातकरी मोहाची फुलं वेचायचे. थोडी खायला, थोडी दारू गाळायला. लग्न असो की मयत, देवापुढे धार पडल्याशिवाय काम पुढे सरकत नसे. १८७८ च्या आबकारी, म्हणजे दारूवरच्या कराच्या, कायद्याने घरी गाळणं गुन्हा ठरवलं. ताडाच्या झाडावर कर बसला. उरणच्या भट्ट्यांमध्ये मक्तेदारांची मोहाची दारू गळू लागली. तरी पाड्यावर चोरून गाळणं थांबेना, म्हणून १८९२ साली ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत मोहाची फुलं गोळा करण्यावर, साठवण्यावरच निर्बंध आले. दारातलं फूल उचलायचं नाही, दारू मात्र सरकारमान्य दुकानातून विकत घ्यायची. इंग्रजांना दारूचं वावडं नव्हतंच, त्यांना महसूल बुडू द्यायचा नव्हता.

म्हणून काँग्रेसने दारूच्या दुकानांपुढे पिकेटिंग केलं, म्हणजे गिऱ्हाइकांना अडवत धरणं धरलं, तेव्हा तो घाव तिजोरीवरही होता. पुढे मुंबई प्रांतात काँग्रेसचंच बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. १ ऑगस्ट १९३९ ला मुंबईत दारूबंदी झाली, ती राबवणारे मंत्री डॉ. गिल्डर स्वतः पारशी, आणि सगळ्यात मोठा विरोध पारशी समाजाचा. तीन महिन्यांत मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. स्वातंत्र्यानंतर गृहमंत्री मोरारजी देसाईंनी तोच धागा उचलला. एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण बंदी.

(दृश्य: ठाण्याची खाडी, ओहोटी. तिवरांच्या मुळांत अडकलेला गंजका पिंप.)

आणि दारू खाडीत शिरली. तिवरांत पोलिसांची जीप जात नाही, होडी जाते. पिंपात काळा गूळ, नवसागर, पाणी. काही दिवस कुजवलं की ‘रसायन’ तयार. मग खाली जाळ. माल रबरी ट्यूबमध्ये भरून वस्तीतल्या गुत्त्यावर पोचायचा. नवटाक, पावशेर ही जुनी मापं, पहिल्या धारेची म्हणजे सगळ्यात कडक – ही सगळी भाषा त्या गुत्त्यांवर चालायची. आजही दिव्याकडच्या खाडीत छापे पडतात, रसायन ओतून दिलं जातं. दारूत मिथेनॉल मिसळलं की काय होतं, ते मुंबईतल्या मालाडच्या मालवणी वस्तीने २०१५ मध्ये पाहिलं. शंभरावर माणसं गेली.

मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या काळात बंदी सैल झाली. १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले, परवान्याची दुकानं उघडली. मूळ कायदा कुणी रद्द केला नाही, त्यालाच दारं पाडली. त्यातलं एक दार म्हणजे ही परमिट रूम.

(दृश्य: खारघर, रविवार सकाळ. फलक घेतलेल्या बायका.)

खारघर ग्रामपंचायत होती तेव्हाच गावाने दारूमुक्तीचा ठराव केला. पुढे पनवेल महापालिका झाली, टॉवर उभे राहिले. एका हॉटेलला परवाना मिळाला आणि लोक रस्त्यावर उतरले. ठराव ग्रामपंचायतीचा, परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाचा. कागदावर कोण जड, हे वेगळं सांगायला नको.

बायकांच्या हातात एक रस्ता आहे, २००८ च्या आदेशाने मिळालेला. गावातल्या किंवा प्रभागातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान घेतात. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली, आडवी बाटली. दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं हवीत, तीही आलेल्या मतांच्या नव्हे, यादीतल्या एकूण बायकांच्या. त्या दिवशी जी कामावर गेली, माहेरी गेली, जिला नवऱ्याने घरातून निघू दिलं नाही, तीही उभ्या बाटलीच्या पारड्यात पडते.