शिष्यवृत्ती मिळाली, खोली नाही मिळाली

मंडळी, बडोद्यात वंचितांसाठी काम करणाऱ्या संस्थांवर बोलायचं म्हणजे सयाजीरावांचं नाव आधी येणारच, 1906 ला अख्ख्या संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, 1913 ला भीमराव आंबेडकरांना कोलंबियाची शिष्यवृत्ती, हे सगळं दरबारने केलं. पण 1917 ला तेच आंबेडकर इथे नोकरीवर आले तर राहायला खोली मिळेना. पारशी लॉजमध्ये पारशी नाव सांगून राहिले, तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन येऊन बाहेर काढलं. महाराजांचा हुकूम लॉजच्या दारापर्यंत काही पोचला नाही. संस्थांचं काम सुरू होतं ते तिथून.

1924 ला आंबेडकरांची बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड, पण मॅनेजिंग कमिटीचे चेअरमन स्वतः बाबासाहेब. म्हणजे मोठं नाव लेटरहेडवर आणि निर्णय आपल्या हातात! आज बऱ्याच एनजीओंत उलटं दिसतं, वस्तीतली पोरं फील्डवर उन्हात आणि ट्रस्टी मंडळात त्यांच्यातलं कोणीच नाही.

आता जातीच्या दाखल्याचं बघा. महाराष्ट्रातून आलेलं कुटुंब, पोराला हॉस्टेल पाहिजे, तर विचारणार 1950 ला तुमचं कायमचं घर कुठल्या राज्यात? तेव्हा तर बडोदाही मुंबई राज्यात, गुजरात झाला 1960 ला, त्यामुळे कागद शोधायचा कुठे इथूनच घोळ. नंतर आलेल्यांना वडिलांच्या दाखल्यावरून इथे दाखला निघतो, पण त्यावर फक्त केंद्राच्या सवलती मिळतात, राज्याच्या सवलती मूळ राज्यातच. हे त्या आईला कोण सांगणार? ती बिचारी प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, लाइटबिल, सासऱ्यांचा एल.सी., म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, घेऊन फिरते, एका कागदावर साळवे, दुसऱ्यावर सालवे, की झालं, अ‍ॅफिडेव्हिट करून आणा. मग कार्यकर्ता गावी जाऊन शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढून आणतो, शिक्षक रजेवर असला तर परत जातो.

2014 पासून मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के सीएसआरला, म्हणजे सामाजिक कामाला, द्यावे लागतात. चांगलंच आहे, पैसा आला. पण रिपोर्टात लाभार्थी किती ते विचारतात, आणि दप्तरं एका दुपारी पाचशे वाटून होतात, फोटोही छान येतात, दाखला मात्र महिन्यात एक निघाला तरी नशीब. मला विचाराल तर त्या एका दाखल्याला मी जास्त मार्क देईन, कारण दप्तर वर्षभरात फाटतं.

सगळेच तसे नाहीत हं. आपल्याच शहरात 1996 ला सुरू झालेल्या ‘भाषा’ नावाच्या संस्थेने तेजगढला आदिवासी अकादमी काढली, तिथे आदिवासी तरुण आपल्याच बोलीचं, कलेचं काम करतात.

आपल्या मंडळात रिटायर्ड लोक भरपूर, बँकेतले, शाळेतले, रेव्हेन्यूतले, कचेरीत कुठल्या टेबलावर काय अडतं ते तुम्हाला पाठ आहे. वर्गणी द्याच, पण आठवड्यातून एक दिवस वस्तीत फॉर्म भरायला बसा. आणि कमिटीत तिथली दोन माणसं घ्या, मत देणारी, नुसत्या सतरंज्या उचलायला नाही.