पाणी मोजणारी माणसं

मित्रहो, पाण्यावर काम करणाऱ्या गावसंस्थांबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा एका माणसाचं नाव घेतो. ते चुकीचं नाही. पुरंदर तालुक्यात पाणी माणशी वाटून घेणाऱ्या पाणी पंचायतीचा विषय विलासराव साळुंखे यांच्यापासूनच सुरू करावा लागतो. मोजमापाची अचूक साधनं बनवणारा पुण्याचा हा कारखानदार 1972च्या दुष्काळात पुरंदरमध्ये आला. 1974पासून नायगावात देवस्थानची सोळा हेक्टर माळरान जमीन खंडानं घेऊन त्यानं बांधबंदिस्ती, पाझर तलाव आणि उपसा यांचा प्रयोग उभा केला. ग्राम गौरव प्रतिष्ठान ही संस्था त्यातूनच उभी राहिली. साळुंखे 2002 साली गेले. मला आज बोलायचं आहे ते त्यांनी घालून दिलेले नियम शेताच्या बांधावर रोज अमलात आणणाऱ्या माणसांबद्दल. पाणी सोडणारा पाटकरी, हिशेब सांभाळणारा चिटणीस आणि पाऊस-विहिरी मोजणारा, ही ती माणसं. नियम कितीही चांगले असोत, ही माणसं ढिली पडली की दोन हंगामांत योजना बंद पडते.

आधी नियम पाहू. पाणी जमिनीवर ठरत नाही, घरातल्या माणसांवर ठरतं. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही, तो योजनेतल्या शेतकऱ्यांच्या गटाकडे परत येतो. भूमिहीनालाही वाटा आहे, तो दुसऱ्याची जमीन वाट्यानं करून आपलं पाणी वापरू शकतो. ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चातला 20 टक्के वाटा शेतकऱ्यांनी उभा करायचा, 50 टक्के सरकारी अनुदान आणि उरलेले 30 टक्के प्रतिष्ठानचं बिनव्याजी कर्ज, अशी मूळ मांडणी होती. त्या 20 टक्क्यांना मी फार महत्त्व देतो. ज्यानं घरातलं किडूकमिडूक मोडून पैसे भरलेत, तो आपली पाण्याची पाळी चुकली तर सभेत उभा राहून विचारतो.

उसाची बंदी पुष्कळांना जाचक वाटते, म्हणून तिचा हिशेब मांडतो. एक एकर म्हणजे 4,047 चौरस मीटर. त्यावर एका भिजवणीला पाच सेंटिमीटर पाणी धरलं तर होतात दोन लाख लिटर. अर्ध्या एकराला एक लाख. ज्वारी, हरभरा, गहू अशा रब्बीला चार भिजवण्या धरा. म्हणजे माणशी चार लाख लिटर, पाच माणसांच्या घराला वीस लाख. उसाला वर्षभरात दोन ते अडीच मीटर खोलीचं पाणी लागतं, एकराला साधारण ऐंशी लाख ते एक कोटी लिटर. एक एकर ऊस म्हणजे वीस ते पंचवीस माणसांचा वाटा. हा आकडा चावडीवरच्या फळ्यावर एकदा खडूनं मांडा, मग वाद नियमावर राहत नाही, आकड्यावर येतो.

आता पाटकऱ्याकडे येऊ. पाळी लावणं, शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या चारीवरची दारं उघडणं-बंद करणं, पाणी मोजणं आणि वहीत लिहिणं ही त्याची कामं. पंप चालवणं बहुतेक ठिकाणी त्याच्याकडेच असतं. मोजण्यासाठी चारीच्या तोंडाशी पत्र्याची इंग्रजी व्ही आकाराची, नव्वद अंशांची खाच बसवतात. खाचेच्या टोकापासून पाणी किती सेंटिमीटर वर आहे ते वाचलं की प्रवाह कळतो. दहा सेंटिमीटरला सेकंदाला साडेचार लिटरपेक्षा थोडं कमी, पंधराला बारा लिटर, वीसला जवळपास पंचवीस लिटर. इथे नीट लक्ष द्या. उंची दुप्पट झाली की पाणी दुप्पट होत नाही, साडेपाच पटींहून जास्त होतं. पंधराऐवजी सोळा वाचलं तर बाराचे चौदा लिटर होतात. एका सेंटिमीटरच्या चुकीनं सभासदाचं बिल सतरा टक्क्यांनी वाढतं. म्हणून पाण्याची उंची दाखवणारी मोजपट्टी डोळ्याच्या पातळीत आणून, खाली बसून वाचायची. बांधावर उभं राहून, वाकून वाचलेला आकडा मी धरत नाही.

चुका ठरलेल्या जागीच होतात. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे मोजपट्टी थेट खाचेच्या पत्र्यावर रंगवणं. खाचेजवळ पाणी खाली झुकतं, त्यामुळे आकडा कमी येतो आणि गटाचं नुकसान होतं. पट्टी वरच्या अंगाला, खाचेतल्या पाण्याच्या सगळ्यात जास्त उंचीच्या चौपट अंतरावर हवी. पंधरा सेंटिमीटर चालत असेल तर किमान साठ सेंटिमीटर मागे. तिचा शून्य खाचेच्या टोकाशी पाणसळीनं जुळवायचा. दुसरं, खालच्या अंगाला चारीत गवत माजलं की पाणी तुंबून खाचेच्या टोकापर्यंत चढतं. मग पाणी मोकळं पडत नाही आणि मोजणी खोटी ठरते. तिसरं, खाचेत पाचट किंवा प्लास्टिक अडकलं की मागे पाणी फुगतं. आकडा जास्त दिसतो आणि न मिळालेल्या पाण्याचे पैसे शेतकऱ्याला भरावे लागतात. भांडणाची सुरुवात बहुतेक इथूनच होते. तासातासाला आकडा वाचणारा पाटकरी कचरा काढतोच, सकाळ-संध्याकाळ वाचणाऱ्याला तो दिसतच नाही.

वहीत काय असावं? तारीख, सभासद, सुरू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, दर तासाची खाचेवरची उंची, विजेच्या मीटरचा आकडा आणि शेवटी सभासदाची सही किंवा अंगठा. सही शेतावर, पाळी संपताक्षणी घ्यायची. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन घेतलेली सही म्हणजे नवं भांडण. सेकंदाला बारा लिटर येत असतील तर एकर भिजायला चार तास चाळीस मिनिटं लागतात, हे पाटकऱ्याच्या तोंडपाठ असतं. सहा तास लागले तर कुठेतरी चारी फुटली आहे किंवा वाफे नीट पाडलेले नाहीत.

चारी भरायला लागणारा वेळ कोणाच्या खात्यावर टाकायचा, हा प्रश्न वरून क्षुल्लक वाटतो. मातीची चारी कोरडी असेल तर पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचायला चाळीस मिनिटं सहज जातात. ती शेवटच्या सभासदाच्या वेळेतून कापली तर त्याच्या एकराच्या पाळीतला सातवा हिस्सा गेला. म्हणून भरणीचा वेळ सामाईक खात्यावर टाकायचा आणि सभासदाचं घड्याळ पाणी त्याच्या दारात पोचल्यावर सुरू करायचं. शक्य असेल तिथे पाळी शेपटाकडून, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाकडून, वर आणायची. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पावर बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्रानं पाणीवापर संस्था बांधल्या, त्याही कालव्याच्या शेपटाकडूनच. 2005च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यानं संस्थेच्या समितीत वरच्या, मधल्या आणि शेपटाकडच्या अशा तिन्ही भागांतले सभासद घेण्याची सोय केली, त्यामागेही हाच अनुभव आहे. ज्याला पाणी शेवटी मिळतं, त्याचा आवाज समितीत हवाच.

पाटकऱ्याच्या पगारावर कोणी बोलत नाही, म्हणून मी मुद्दाम बोलतो. पगार पाणीपट्टीतून, दर महिन्याला, ठरल्या तारखेला झाला पाहिजे. तीन महिने पगार थकला की त्याला पोट भरायला दुसरी वाट शोधावी लागते, आणि सगळ्यात सोपी वाट म्हणजे एखाद्याची पाळी अर्ध्या तासानं लांबवणं. त्यात दोष त्याचा कमी, आपला जास्त. नेमताना शक्यतो चारीच्या तोंडाशी ज्याची जमीन नाही असा माणूस घ्या. रात्रीच्या बाऱ्याला त्याच्याजवळ चांगली बॅटरी आणि गमबूट हवेत, आणि तो खर्च संस्थेचा.

चिटणिसाचं काम विजेभोवती फिरतं. आपल्या राज्यातल्या कितीतरी सहकारी उपसा योजना विहिरीत पाणी असूनही वीजबिलाच्या थकबाकीनं बंद पडल्या. पाणी चढवायची सगळी उंची चाळीस मीटर आणि प्रवाह सेकंदाला बारा लिटर असेल तर पंपसंच तासाला नऊ ते बारा युनिटं खातो, म्हणजे एकराच्या एका भिजवणीला पंचेचाळीस ते पंचावन्न युनिटं. चार भिजवण्यांचा हिशेब करून पाणीपट्टी पेरणीआधीच जमा करायची. पीक निघाल्यावर देतो म्हणणाऱ्याचे पैसे बाजारभाव पडला की येत नाहीत, आणि त्याच्यामुळे सगळ्यांची वीज तुटते.

मीटर आणि खाच एकाच वहीत असण्याचा आणखी एक फायदा आहे. तासाची युनिटं तेवढीच आणि खाचेवर पंधराऐवजी चौदा दिसतंय, म्हणजे पाणी बारावरून दहा लिटरवर आलंय. फुटव्हॉल्व्हची, म्हणजे पाइपच्या तळाशी असलेल्या झडपेची, जाळी तुंबली असेल, सक्शन पाइप हवा धरत असेल किंवा पंपातलं फिरतं चाक, म्हणजे इंपेलर, झिजला असेल. मोटर जळण्याची वाट पाहायची गरज उरत नाही. डॉक्टर नाडी पाहतो तसा चांगला चिटणीस रोज हे दोन आकडे शेजारी-शेजारी पाहतो.

तिसरा माणूस पाऊस आणि विहिरी मोजणारा. हे काम शाळेतल्या मुलांना किंवा अंगणवाडीताईंना उत्तम जमतं. पर्जन्यमापक उघड्यावर, झाडा-भिंतीपासून लांब ठेवून रोज सकाळी साडेआठला वाचायचा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर. विहिरीची पातळी रात्रभर पंप बंद ठेवून सकाळी, कठड्यावरच्या एकाच खुणेपासून मोजायची. नगर जिल्ह्यात हिवरे बाजारनं पाण्याचा ताळेबंद याच पायावर उभा केला, तिथेही ऊस-केळीला आणि शेतीसाठीच्या बोअरवेलला बंदी आहे. ताळेबंदात पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं. हजार वस्तीच्या गावाला माणशी रोज 55 लिटर धरले तर नोव्हेंबर ते जून या आठ महिन्यांत एक कोटी बत्तीस लाख लिटर लागतात, म्हणजे दीड एकर उसाच्या आसपास. जनावरांचं पाणी वेगळं.

शेवटचा मुद्दा तुटीच्या वर्षाचा. ऑक्टोबरच्या मध्यावर विहिरीत आणि तलावात किती आहे ते मोजून सभा घ्यायची. पाणी निम्मं असेल तर सगळ्यांना माणशी पाव एकर. अमक्यानं आधीच गहू पेरलाय म्हणून त्याला पूर्ण, ही सवलत एकदा दिली की पुढच्या वर्षी सगळेच सभेआधी पेरून मोकळे होतात. म्हणून आकडा रब्बीचं बियाणं घरात येण्याआधी चावडीवर लागला पाहिजे, खाली पाटकरी, चिटणीस आणि शेपटाकडच्या एका सभासदाच्या सह्यांसह. डिसेंबरात पुन्हा मोजणी करायची, आणि काही उरत असेल तर तेही माणशीच वाटायचं.