शेरणीच्या अंगानं

नमस्कार. मागच्या वर्षी एप्रिल-मेमध्ये मी सहा आठवडे वाईला राहिले. कृष्णेच्या काठी राहायचं आणि तिथल्याच मातीतून काहीतरी घडवायचं, एवढीच अट होती. आम्हा शिल्पकारांकडे याला रेसिडेन्सी म्हणतात. ज्यांच्या घरी माझी खोली होती, त्या काकूंना हा शब्द सांगितला तर म्हणाल्या, "म्हणजे हॉटेलच ना? मग माझ्याकडे कशाला उतरलीस?"

एक कबुली आधीच देते. वीस वर्षं मी मातीत हात घालतेय, पण ती माती इथली नव्हेच. आम्ही शिल्पकार आणि पेणचे मूर्तिकार जिला शाडू म्हणतो, ती बहुतेक गुजरातहून पोत्यांतून येते. आपण घरी अभिमानानं आणतो तो मातीचा गणपतीही त्याच पोत्यातला. वाईला पहिल्यांदाच पायाखालची माती कामाला घेतली आणि तिनं मला तीन दिवसांत जमिनीवर आणलं.

काठावरची काळी माती चाळली, भिजवली, तुडवली. हाताला अगदी लोणी. हातभर उंचीचा आकार केला. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर बोट आत जाईल एवढ्या भेगा. बेसॉल्ट झिजून झालेली ही माती. पाणी प्यायली की फुगते, वाळली की तितकीच आक्रसते. मे महिन्यात रानाला पडलेल्या भेगा तुम्ही पाहिल्या असतील, त्याच माझ्या शिल्पाला पडल्या. ओल्या फडक्यात गुंडाळून बघितलं, सावलीत वाळवून बघितलं. छे!

शेवटी एका कुंभार तात्यांकडे तुकडा घेऊन गेले. त्यांनी तो बोटांत चुरला आणि म्हणाले, "ताई, ही एकटी ऱ्हात नाय. हिला लीद घाला." घोड्याची लीद वाळवून, कुटून, चाळून मळायची, तिच्यातले गवताचे तंतू मातीला धरून ठेवतात. पाचगणीच्या टेबललँडवर घोडे आहेतच. पसरणीचा घाट चढून दोन पोती आणली. वासाचं म्हणाल तर दोन दिवसांत नाक सरावतं. काकूंचं मात्र सरावलं नाही.

माती उभी राहायला लागली, पण करायचं काय हे ठरेना. म्हणून पात्रात हिंडायला लागले. वाईच्या वरच्या अंगाला धोमचं धरण आहे, त्यामुळे नदीचं पाणीही आता दरवाज्यांच्या हिशेबानं चालतं. त्या खडकांत एक झुडूप दिसलं, शेरणी. पानं कण्हेरीसारखी अरुंद, फांद्या वेतासारख्या लवचिक. एक धरून ओढली, तर खडक माझ्याबरोबर येईल पण ही येणार नाही असं वाटलं. मुळं थेट फटीत शिरलेली. पुरात ही बुडते, आडवी होते आणि पाणी ओसरलं की पुन्हा उठते. सगळ्या फांद्या वाहत्या पाण्याच्या दिशेला कललेल्या, जणू कुणी विंचरून ठेवल्यात. आणि माझ्या डोक्याच्या उंचीवर, फांदीला अडकलेलं लहान मुलीचं एक झबलं. आदल्या पावसाळ्यातलं पाणी तिथवर आलं होतं.

त्याच संध्याकाळी ढोल्या गणपतीच्या मागच्या बाजूला बसले होते. पेशव्यांचे सरदार असलेल्या रास्त्यांनी हे देऊळ 1762 साली बांधलं. दर्शनाला जाणारे सगळे पुढून जातात. मागची भिंत बघा. ती माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी जावं म्हणून. बांधणाऱ्यानं शेरणी पाहिली होती की नाही, मला माहीत नाही. पण पूर नक्की पाहिला होता.

आणखी एक माणूस आठवतो, वेल्समधला शिल्पकार डेव्हिड नॅश. 1978 साली त्यानं एका ओक झाडाच्या लाकडातून एक मोठा गोटा कोरला आणि तो ओढ्यातून खाली आणताना मध्येच अडकला. यानं तो तिथंच राहू दिला. पुढं अधूनमधून येणाऱ्या पुरांत गोटा थोडा थोडा सरकत गेला आणि हा त्याचे फोटो काढत, चित्रं काढत राहिला. 2003 साली गोटा खाडीत दिसेनासा झाला, 2013 साली पुन्हा सापडला, मग परत गेला. मला या माणसाचा हेवा वाटतो. आम्हाला तर चौथऱ्याशिवाय चैन पडत नाही.

शेवटच्या आठवड्यात मी शेरणीच्या दोन झुडपांमध्ये, खडकावर, गुडघाभर उंचीचा एक आकार बसवला. मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता. भट्टीत घातला नाही. माती आणि लीद, बस्स. कच्चा आहे, राहणार नाही, हे ठाऊक होतं.

जुलैत काकूंचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. माती गेली होती. लिदीतल्या काड्यांचा एक झुबका शेरणीच्या फांदीला लोंबत होता. खाली काकूंनी लिहिलं होतं, "तुझं ते रेसिडेन्सीचं हेच का?"

मी लिहिलं, "हो. काढू नका."